रिसीव्हर कोणता उतरवायचा?

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या ऑफिसात नव्यानं रुजू झालेल्या मराठी माणसाला ऑगस्ट सरता सरता एक निमंत्रण हमखास येतं. ‘आमच्या फॅन्टसी फुटबॉल लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, येतोस का?’ फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा खेळ, एवढ्याच भांडवलावर तो भिडेखातर हो म्हणतो. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तोच माणूस शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर फोन घेऊन कोपऱ्यात बसतो आणि घरच्यांना वाटतं, याचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नसतं. त्याच्याकडे वाइड रिसीव्हर चार आहेत आणि जागा तीनच आहेत.

‘ड्रीम11’मुळे फॅन्टसी म्हणजे एका सामन्यापुरता संघ, असं आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. (2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तो धंदा गुंडाळला गेला, ती गोष्ट वेगळी.) अमेरिकेतल्या ऑफिस-लीगचं गणित निराळं. दहा-बारा जण मिळून हंगामाआधी आळीपाळीनं खेळाडू निवडतात आणि एक खेळाडू एकाच्याच मालकीचा राहतो. तोच ताफा घेऊन अख्खा हंगाम काढायचा. दर आठवड्याला लीगमधल्या एका भिडूशी तुमचा सामना लागतो. तुम्ही उतरवलेल्या खेळाडूंनी प्रत्यक्ष मैदानावर जे केलं त्याचे गुण तुम्हाला मिळतात. बेंचवर ठेवलेल्यानं कितीही पराक्रम गाजवला तरी तुमच्या खात्यात शून्य. सगळी तगमग त्या शून्याची.

खेळ जुना आहे. 1962 साली ओकलंड रेडर्सचे एक भागीदार मालक बिल विंकेनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते. तिथल्या हॉटेलात संघाचा एक अधिकारी आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चा एक पत्रकार यांना सोबत घेऊन त्यांनी नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी पहिली लीग सुरू झाली. ‘ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग’ हे तिचं नाव उच्चारतानाच धाप लागते. तेव्हा आकडे वर्तमानपत्रात बघून कागदावर मांडत. आता प्रत्येक झेलाबरोबर फोनवरचा आकडा हलतो, म्हणून त्रासही जास्त.

बहुतेक लीगमध्ये एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, दोन किंवा तीन वाइड रिसीव्हर, एक टाइट एंड, एक ‘फ्लेक्स’, शिवाय किकर आणि एका संघाचा बचाव अशी मांडणी असते. फ्लेक्सच्या जागेवर रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड यांपैकी कोणीही चालतो. यातला वाइड रिसीव्हर म्हणजे कडेनं पळत जाऊन क्वार्टरबॅकनं लांब फेकलेला चेंडू झेलणारा गडी. सगळ्यात जास्त डोकेदुखी त्याचीच, कारण त्याचे गुण आठवड्या-आठवड्याला कमालीचे वरखाली होतात. आज पंचवीस, पुढच्या रविवारी चार. रनिंग बॅकच्या हातात चेंडू सरळ दिला जातो. रिसीव्हरपर्यंत तो पोहोचायला मात्र क्वार्टरबॅकला वेळ मिळायला हवा, त्याची नजर या गड्याकडे जायला हवी, फेक नीट पडायला हवी आणि शेवटी झेल सुटता कामा नये. एक संघ सामन्यात साधारण तीस ते पस्तीस वेळा चेंडू फेकतो. त्यातले आठ-नऊ संघाच्या पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरकडे येतात आणि त्यातले पाच-सहा झेलले जातात. एवढ्या थोड्या प्रसंगांवर गुण ठरणार असतील, तर नशिबाचा वाटा मोठा राहणारच.

गुण देण्याची पद्धत आधी तपासा. दहा यार्डांना एक गुण आणि टचडाऊनला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याला, सहा, हे जवळपास सगळीकडे सारखं असतं. फरक झेलाच्या गुणात. काही लीग प्रत्येक झेलाला एक गुण देतात, काही अर्धा, काही अजिबात देत नाहीत. या एका नियमानं उत्तर किती बदलतं, त्याचं कॅल्विन जॉन्सनइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. डेट्रॉइट लायन्सच्या या धिप्पाड रिसीव्हरनं 2012 मध्ये 122 झेल घेत 1,964 यार्ड काढले. एका हंगामातल्या यार्डांचा तो विक्रम ठरला. टचडाऊन मात्र फक्त 5. पुढच्या वर्षी झेल 84 वर आले, यार्ड 1,492 वर, पण टचडाऊन झाले 12. आता बेरीज करा. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये विक्रमी वर्षाचे 226.4 आणि ‘उतरत्या’ वर्षाचे 221.2. म्हणजे पावणेपाचशे यार्ड कमी होऊनही फरक पाचच गुणांचा. झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये मात्र 348.4 आणि 305.2, तब्बल 43 गुणांची दरी. खेळाडू तोच, मैदानावरचा खेळही तोच. आपल्या लीगचं कोष्टक न वाचता इंटरनेटवरच्या याद्या बघणारे इथेच फसतात.

जॉन्सनच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. दोन हजार यार्डांच्या उंबरठ्यावर गेलेल्या माणसाचे टचडाऊन पाचच कसे? उत्तर असं की टचडाऊन हा रिसीव्हरच्या आकड्यांमधला सगळ्यात लहरी आकडा. गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे पकडला गेला तर पुढचा चेंडू दुसराच कोणी घेऊन आत जातो आणि सहा गुण त्याच्या नावावर लागतात. म्हणून गेल्या आठवड्यात दोन टचडाऊन केले एवढ्यावरून कोणाला उतरवू नये आणि तीन आठवडे टचडाऊन नाही एवढ्यावरून कोणाला बसवू नये. नव्या खेळाडूंना हे पटत नाही. ॲपमध्ये गेल्या आठवड्याचे गुण ठळक दिसतात आणि नजर तिथेच अडकते.

मग बघायचं काय? माझ्या मते पहिला, दुसरा आणि तिसरा निकष एकच: चेंडू त्याच्याकडे किती वेळा फेकला जातो. झेलला असो वा सुटलेला, अशा प्रत्येक फेकीला ‘टार्गेट’ म्हणतात. क्रिकेट बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. स्ट्राइकच मिळाली नाही तर फलंदाज कितीही थोर असला तरी धावा काढणार कुठून? गुण आज आले, उद्या आले नाहीत, असं चालतं. टार्गेटची संख्या त्या मानानं टिकून राहते, कारण तिच्यामागे प्रशिक्षकाची योजना आणि क्वार्टरबॅकचा विश्वास असतो. संघाच्या एकूण फेकींपैकी पाव किंवा त्याहून जास्त वाटा ज्याला मिळतो तो रिसीव्हर सहसा बसवायचा नसतो. आठव्या-दहाव्या भागावर भागवणाऱ्याला उतरवणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढणं.

2023 च्या सप्टेंबरमध्ये हा निकष ज्यांनी मानला त्यांचं सोनं झालं. लॉस एंजेलिस रॅम्सचा भरवशाचा रिसीव्हर कूपर कप जायबंदी होता. 2021 मध्ये झेल, यार्ड आणि टचडाऊन या तिन्हींत त्यानं साऱ्या रिसीव्हरांत पहिला क्रमांक पटकावला होता: 145, 1,947 आणि 16. त्याच्या गैरहजेरीत रॅम्सनी नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या फेरीत घेतलेला पुका नाकुआ नावाचा नवखा पोरगा उतरला. फॅन्टसीच्या बहुतेक लीगमध्ये त्याला कोणी घेतलंच नव्हतं. सिएटलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याच्याकडे 15 वेळा चेंडू आला. त्यानं 10 झेल घेत 119 यार्ड काढले. टचडाऊन नाही. ‘एका सामन्याचं काय घेऊन बसलात’ म्हणणारे पुष्कळ होते. दुसऱ्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध 20 टार्गेट, 15 झेल, 147 यार्ड, आणि टचडाऊन पुन्हा नाहीच. त्याचं पहिलं टचडाऊन चौथ्या आठवड्यात आलं, तेही जादा वेळेत. तोवर टचडाऊनची वाट बघत त्याला बेंचवर ठेवणाऱ्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. हंगामाअखेर 105 झेल आणि 1,486 यार्ड, दोन्ही नवख्या खेळाडूंचे तेव्हाचे विक्रम.

याच्या अगदी उलट टोकाला बफेलो बिल्सचा गेब डेव्हिस. 2022 च्या जानेवारीत कॅन्सस सिटीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्यानं 8 झेल, 201 यार्ड आणि 4 टचडाऊन केले. बाद फेरीच्या एका सामन्यात चार टचडाऊन झेलणारा तो पहिलाच. साहजिकच त्या वर्षी फॅन्टसीच्या हंगामाआधीच्या निवडीत त्याचा भाव वधारला. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्यानं तीनच झेल घेतले, पण यार्ड 171 आणि टचडाऊन दोन. त्यातलं एक 98 यार्डांचं. झेलाला एक गुण धरला तर 32.1 गुण. पण सबंध हंगामाचा हिशेब 48 झेल, 836 यार्ड, 7 टचडाऊन. म्हणजे वर्षभरातल्या यार्डांपैकी पाचवा हिस्सा एका दुपारी आला आणि उरलेल्या अनेक रविवारी मालकानं कपाळावर हात मारला. डेव्हिस वाईट खेळाडू नव्हता. त्याचं कामच लांबच्या फेकी झेलण्याचं होतं आणि लांबच्या फेकी कमी लागतात.

टार्गेट कुठे मिळतात हेही थोडं बघावं. मधल्या पट्ट्यात, ‘स्लॉट’मध्ये उभा राहणारा रिसीव्हर आखूड फेकी झेलतो. झेल भरपूर, यार्ड बेताचे. झेलाला गुण असतील तर हाच माणूस पोटापाण्याची सोय करतो. गोलरेषेपासून वीस यार्डांच्या आतल्या पट्ट्याला ‘रेड झोन’ म्हणतात. तिथे कोणाकडे चेंडू जातो याची नोंद ठेवली तर टचडाऊनचा थोडा अंदाज येतो. आणि ‘एअर यार्ड’ म्हणजे फेकलेला चेंडू हवेतून किती लांब गेला त्याची बेरीज, झेल होवो न होवो. हवेत दीडशे यार्ड मिळूनही ज्याच्या पदरात तीस पडले, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यासाठी लक्ष ठेवावं. तो खेळला वाईट असेल किंवा नशीब वाईट असेल. बहुतेक वेळा दुसरंच खरं निघतं.

समोरचा संघ कोण, या प्रश्नाला आपण गरजेपेक्षा जास्त वजन देतो. ॲप समोरच्या बचावाचा क्रमांक लाल-हिरव्या रंगात दाखवतो आणि लाल दिसला की हात थरथरतो. पण हंगामाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला तो क्रमांक दोन-तीन सामन्यांवर बेतलेला असतो. तो बचावाबद्दल कमी आणि त्याच्यासमोर आलेल्या संघांबद्दल जास्त सांगतो. खरा धोका वेगळा. काही मोजके कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारे बचावपटू, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम रिसीव्हरच्या मागे मैदानभर सावलीसारखे फिरतात. न्यूयॉर्क जेट्सचा डॅरेल रेव्हिस यासाठी इतका प्रसिद्ध होता की त्याच्या ताब्यात सापडलेला रिसीव्हर ‘रेव्हिस बेटा’वर अडकला असं म्हणत. आज डेन्व्हरच्या पॅट्रिक सर्टेनचं नाव त्या यादीत घ्यावं लागेल. मात्र बहुतेक कॉर्नरबॅक आपली बाजू सोडत नाहीत आणि स्लॉटमध्ये तर फारसे शिरतच नाहीत. चौथ्या क्रमांकाचा रिसीव्हर निवडताना हे बघा. पहिल्या क्रमांकाच्या बाबतीत विसरून जा. सिनसिनाटीच्या जमार चेसनं 2024 च्या पहिल्या सामन्यात 6 झेल आणि 62 यार्डांवर समाधान मानलं. त्यावर रुसून पुढे कधी त्याला बसवलं असेल, तर त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला बाल्टिमोरविरुद्ध काय झालं ते आठवा: 11 झेल, 264 यार्ड, 3 टचडाऊन, म्हणजे झेलाला एक गुण धरला तर 55.4 गुण. एकटा माणूस आठवडा जिंकून देतो. त्या वर्षी झेल, यार्ड आणि टचडाऊन तिन्हींत पहिला तोच.

सट्टेबाजांचे आकडे मात्र फुकटात वापरावेत. पैसे लावायला मी सांगत नाही. ते लोक स्वतःचे पैसे पणाला लावून अंदाज बांधतात, म्हणून तो अंदाज आपल्यापेक्षा बरा असतो, एवढंच. समजा, एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून 48 गुण होतील असा आकडा आहे आणि एक संघ 4 गुणांनी वरचढ मानला आहे. मग त्याचे अपेक्षित गुण 26 आणि दुसऱ्याचे 22. तुमचे दोन रिसीव्हर बाकी सगळ्यात तोडीस तोड असतील आणि एकाच्या संघाकडून 26 तर दुसऱ्याच्या संघाकडून 17 गुणांची अपेक्षा असेल, तर प्रश्न मिटला. क्वार्टरबॅक जायबंदी होऊन राखीव खेळाडू उतरणार असेल तर हा आकडा लगेच घसरतो. बातमी कळली नाही तरी आकडा बोलतो.

हवामानाबाबत एक गैरसमज आहे. बर्फ पडताना दिसला की लोक रिसीव्हर काढून टाकतात. चेंडू फेकण्याचा खरा शत्रू वारा. 6 डिसेंबर 2021 च्या सोमवारी रात्री बफेलोत असं वारं सुटलं होतं की न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी अख्ख्या सामन्यात फक्त तीन वेळा चेंडू फेकला. मॅक जोन्सच्या तीनपैकी दोन फेकी पोहोचल्या, 19 यार्ड मिळाले. बाकी 46 वेळा चेंडू घेऊन नुसते पळाले आणि 14-10 नं जिंकलेही. त्या रात्री पेट्रियट्सचा रिसीव्हर ज्यानं उतरवला होता, त्यानं हवामानाचा अंदाज बघितला नव्हता. डेट्रॉइट, मिनेसोटा अशा छताखाली खेळणाऱ्या संघांच्या घरच्या सामन्यांत ही चिंता नाही.

दुखापतीची यादी वाचायची सवय लावून घ्या. नेहमीच्या रविवारच्या सामन्यासाठी बुधवार, गुरुवार, शुक्रवार या तिन्ही दिवसांच्या सरावाची नोंद संघांना जाहीर करावी लागते: पूर्ण सराव, मर्यादित सराव, की सराव नाहीच. त्यात शुक्रवारचं महत्त्व सगळ्यात जास्त. बुधवारी विश्रांती आणि शुक्रवारी पूर्ण सराव, म्हणजे गडी ठणठणीत. बुधवारी पूर्ण आणि शुक्रवारी गायब, म्हणजे मध्येच काहीतरी दुखावलं. ‘क्वेश्चनेबल’ शिक्का असलेला खेळाडू खेळूही शकतो. ‘डाउटफुल’ बहुधा खेळत नाही. मांडीचा मागचा स्नायू दुखावलेला रिसीव्हर खेळला तरी पूर्ण वेगानं धावेल याची खात्री नसते आणि वेगाशिवाय तो कशाचा रिसीव्हर? दुसरीकडे, एखाद्या संघाचा पहिला रिसीव्हर बाहेर बसला की त्याच्या वाट्याचे आठ-नऊ टार्गेट कोणाकडे तरी जाणारच. तो कोणीतरी तुमच्या बेंचवर असेल तर त्याला उतरवायचा रविवार हाच.

एवढं सगळं करूनही शनिवारी रात्री दोन नावं उरतात. ॲप एकाला 12.4 गुण देतो, दुसऱ्याला 11.9. या अर्ध्या गुणावरून रात्र जागवण्यात अर्थ नाही. एका आठवड्यात रिसीव्हर दहा-पंधरा गुण इकडेतिकडे सहज होतो. अशा वेळी आपल्या खेळाडूंकडे बघणं सोडून भिडूच्या संघाकडे बघावं. तुमचा संघ वरचढ असेल तर स्लॉटमधला, सहा झेलांची हमी देणारा गडी बरा. भिडू वीस गुणांनी वरचढ वाटत असेल तर हमीचे दहा गुण घेऊन तुम्ही सभ्यपणे हराल. तिथे डेव्हिससारखा लॉटरीवालाच हवा. आणि तुमच्याच क्वार्टरबॅकच्या संघातला रिसीव्हर हाती असेल तर आणखी बरं. एका फेकीचे गुण दोघांनाही मिळतात, त्यामुळे चांगला दिवस फार चांगला होतो. वाईट दिवस फार वाईट होतो हेही खरं, पण हरणारच होतात तर किती फरकानं हरलात याला कोण विचारतो?

फ्लेक्सच्या जागेबद्दल एक व्यावहारिक सूचना, जी अनुभवी खेळाडूही विसरतात. गुरुवारी रात्री खेळणारा रिसीव्हर फ्लेक्समध्ये कधीही ठेवू नका. त्याला रिसीव्हरच्या नेमक्या जागेवर टाका. फ्लेक्समध्ये सगळ्यात उशिरा खेळणारा माणूस असावा. रविवारी ऐनवेळी कोणी बाहेर बसला तर त्या मोकळ्या जागेवर रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड यांपैकी जो हाताशी असेल तो टाकता येतो. सोमवारी रात्रीच्या सामन्यातला शंकास्पद गडी उतरवायचाच असेल तर त्याच सामन्यातला एखादा पर्यायही बेंचवर हवा. नाहीतर बातमी येईपर्यंत बाकी सगळ्यांचे सामने उरकलेले असतात.

कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी जाहीर होते. रविवारचे पहिले सामने न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी एकला, म्हणजे यादी साडेअकराला. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या मित्रांच्या लीगमध्ये खेळत असाल तर रात्री नऊचा गजर लावा. सामना साडेदहाला सुरू होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवसापासून यादी दहाला येते आणि सामना साडेअकराला.